घराबरोबर पार्किंग किती हवे? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

नव्या गृहप्रकल्पांतील पार्किंगविषयी वाचकांनी आपले प्रश्न पाठवावेत, असे आवाहन आम्ही मागील अंकात केले होते. आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पुणे, पिंपरी-चिंचवड आणि त्यांच्या वेशीवरच्या गावांतली आहेत. त्यांतील चार पत्रांना येथे उत्तरे देत आहे. नगररचना विभागात बांधकामाचे नकाशे तपासण्यात माझ्या नोकरीची बहुतेक वर्षे गेली. ज्या नकाशांवर मी सही केली, त्यांतल्याच काही इमारतींत आज हे पत्रलेखक राहत असतील, ही जाणीव ठेवून मी लिहीत आहे.

प्रश्न : पुनावळे येथील आमच्या सोसायटीत ३६० सदनिका असून प्रत्येकीला एका मोटारीची जागा मिळाली आहे. ताबा मिळून चार वर्षे झाली आणि आता शंभरहून अधिक कुटुंबांकडे दुसरी मोटार आहे. या गाड्या बाहेरच्या रस्त्यावर उभ्या राहतात, त्यावरून रोज भांडणे होतात. आवारातील बागेचा अर्धा भाग आणि मुलांच्या खेळाची जागा पार्किंगसाठी घ्यावी, असा ठराव येत्या सर्वसाधारण सभेत येणार आहे आणि त्याला बहुमत मिळेल असे दिसते. असे करता येते का?

उत्तर : असे करता येत नाही, आणि करता आले असते तरी करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आधी कायद्याचे पाहू. मुंबई आणि काही मोजके प्रदेश वगळता राज्यभर डिसेंबर २०२० पासून एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. तिच्यानुसार ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर दहा टक्के क्षेत्र करमणुकीची मोकळी जागा म्हणून सोडावे लागते. आपल्या सोसायटीचा आकार पाहता ही बाग बहुधा त्याच क्षेत्रात येत असणार. ती मंजूर नकाशात हिरव्या रंगात दाखवलेली असते आणि तिच्यावर सर्व रहिवाशांचा सामाईक हक्क असतो. सभेत शंभर टक्के मते पडली तरी मंजूर नकाशातील वापर सोसायटीला आपल्या अधिकारात बदलता येत नाही. मंजूर नकाशाची प्रत महापालिकेच्या बांधकाम परवानगी विभागातून मिळते आणि महारेराच्या (गृहप्रकल्पांचे नियमन करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर आपल्या प्रकल्पाच्या नोंदीतही ती पाहता येते. सभेपूर्वी ती मोठ्या आकारात छापून सूचना फलकावर लावावी, म्हणजे चर्चेला निदान पायाभूत कागद मिळेल.

आता दुसऱ्या, अधिक महत्त्वाच्या मुद्द्याकडे येतो. नियमावलीप्रमाणे एका मोटारीची जागा अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब, म्हणजे साडेबारा चौरस मीटर असते. पण मोटार हवेतून येऊन जागेवर उतरत नाही. दोन रांगांच्या मध्ये सहा मीटरचा मार्ग धरला, तर प्रत्येक गाडीच्या वाट्याला त्यातले आणखी साडेसात चौरस मीटर येतात आणि हिशेब वीस चौरस मीटरवर जातो. त्यात उतार, वळणे आणि खांबांमुळे वाया जाणारी जागा मिळवली की तळघरात एका मोटारीमागे पंचवीस ते तीस चौरस मीटर सहज खर्ची पडतात. २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेत दुर्बल घटकातील कुटुंबासाठी घराचे चटई क्षेत्र तीस चौरस मीटरपर्यंत धरले होते. एका कुटुंबाने स्वयंपाक करायचा, झोपायचे, मुलांनी अभ्यास करायचा तेवढीच जागा आपण दिवसातले बावीस तास उभ्या राहणाऱ्या एका यंत्राला देतो. नकाशे तपासताना हा आकडा मी शेकडो वेळा ओलांडून पुढे गेलो. तो असा शेजारी शेजारी ठेवून पाहायला मला फार उशीर लागला.

आपल्या बागेच्या अर्ध्या भागात फार तर वीस-पंचवीस गाड्या बसतील. म्हणजे शंभर गाड्यांचा प्रश्न उरेलच, आणि त्या वीस जागा कोणाला द्यायच्या यावरून नवे भांडण सुरू होईल. शिवाय दुसऱ्या गाडीला जागा मिळते हे दिसले की आज ज्या घरात दुसरी गाडी घ्यावी की नाही याचा विचार चालू आहे, तेथे निर्णय लगेच होईल. पार्किंगची मागणी पाण्याच्या मागणीसारखी ठरावीक नसते. जागा जितकी स्वस्त आणि जवळ, तितक्या गाड्या वाढतात.

म्हणून सभेपुढे ठरावाऐवजी एक साधी पाहणी ठेवावी, असे मी सुचवतो. प्रत्येक घरातून कोण, किती वाजता, कोठे आणि कशाने जाते, एवढेच विचारा. दुसऱ्या गाड्यांपैकी किती रोज बाहेर पडतात आणि किती फक्त रविवारी किंवा गावी जायच्या वेळी, हे रखवालदाराच्या नोंदवहीतून आठवडाभरात कळते. गावी जाण्यापुरती लागणारी गाडी भाड्यानेही मिळते. ज्यांना हिंजवडीला एकाच पाळीत जायचे आहे अशी दहा-बारा माणसे एकाच इमारतीत सापडली, तर सामाईक गाडी ठरवणे अवघड नाही. दुसऱ्या गाडीचे शुल्क पहिलीच्या बरोबरीने ठेवू नका, ते चढत्या दराने घ्या. जागांपेक्षा गाड्या जास्त असतील तेव्हा दरवर्षी सोडत काढून जागा द्याव्यात, अशी तरतूद सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत आहेच. आपण नोंदणीकृत सोसायटी नसून अपार्टमेंट असाल, तर मात्र १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखालील घोषणापत्र आधी वाचावे लागेल. पुण्यात अनेकांना आपण या दोहोंपैकी नेमके काय आहोत हे ठाऊक नसते आणि सगळा वाद त्यामुळेच चुकीच्या वाटेने जातो.

पाहणीत आणखी एक प्रश्न जरूर घाला : बसथांब्यापर्यंत चालत जायला किती मिनिटे लागतात? मागच्या वर्षी वाघोलीच्या पुढे एका मोठ्या प्रकल्पात अशाच कामासाठी गेलो होतो. पीएमपीचा, म्हणजे शहर बससेवेचा, थांबा मागच्या कुंपणभिंतीला जवळपास लागूनच होता, शेवटच्या इमारतीच्या गॅलरीतून थांब्यावर उभी असलेली माणसे ओळखू येत होती. पण प्रवेशद्वार विरुद्ध बाजूला असल्याने थांब्यावर पोहोचायला चौदा मिनिटे लागत, आणि त्यातला बराच रस्ता पदपथाशिवायचा, पाण्याच्या टँकरांच्या वर्दळीचा होता. भिंतीच्या एका कोपऱ्यात दोन्ही बाजूंना सिमेंटचे ठोकळे रचून पायऱ्या केलेल्या दिसल्या. घरकामाला येणाऱ्या बायका साडीचा ओचा सावरत, पिशवी आधी पलीकडे देऊन, त्या पायऱ्यांवरून भिंत ओलांडत होत्या. समितीच्या पुढचा विषय त्या ठिकाणी भिंत उंच करण्याचा होता. मी तेथे छोटे फाटक आणि सकाळी सहा ते रात्री दहा एक रखवालदार ठेवण्याची विनंती केली, आणि समितीने ती मोठ्या मनाने मान्य केली. आता त्या फाटकातून कामवाल्या बायकांबरोबर लॅपटॉपच्या पिशव्या घेतलेली तरुण मुलेही बाहेर पडतात. ही वाट पहिल्याच दिवशी असती, तर त्या मुलांपैकी काहींनी गाडीचे हप्ते सुरूच केले नसते, असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : कोथरूडमध्ये पुनर्विकासात उभ्या राहत असलेल्या इमारतीत आम्ही दोघे पती-पत्नी घर घेत आहोत. आमच्याकडे मोटार नाही, मेट्रो स्थानक पायी सात मिनिटांवर आहे, मोटार घ्यायचा विचारही नाही. बिल्डर म्हणतात की पार्किंग घ्यावेच लागेल आणि त्याचे पाच लाख वेगळे द्यावे लागतील. हे बंधनकारक आहे का? आणि न घेतल्यास पुढे पश्चात्ताप होईल का?

उत्तर : आपली स्थिती आता अपवादात्मक राहिलेली नाही. मेट्रो वनाझपासून मार्च २०२२ मध्ये सुरू झाली, मार्च २०२४ मध्ये त्या मार्गावरून रामवाडीपर्यंत जाता येऊ लागले, सप्टेंबर २०२४ पासून दुसऱ्या मार्गाने स्वारगेटही जोडले गेले. त्यामुळे कोथरूडमधून बिनगाडीचे राहणे पूर्वीपेक्षा पुष्कळ सोपे झाले आहे.

आधी पाहा की आपल्याला देऊ केलेली जागा उघडी आहे की आच्छादित. २०१६ च्या रेरा कायद्यात, म्हणजे गृहप्रकल्पांचे नियमन करणाऱ्या केंद्रीय कायद्यात, उघडे पार्किंग हे सामाईक क्षेत्रात मोडते, ते विकता येत नाही, आणि महारेराने २०२१ च्या परिपत्रकात हे पुन्हा स्पष्ट केले आहे. त्या आधी, ३१ ऑगस्ट २०१० रोजी दहिसरच्या पांचाली सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्राच्या १९६३ च्या मोफा (सदनिका मालकी) कायद्याचा अर्थ लावताना सांगितले होते की स्टिल्टखालची (इमारत ज्या खांबांवर उभी असते त्यांच्यामधली) जागा म्हणजे गॅरेज नव्हे, ती सामाईक जागा आहे आणि बिल्डरला ती सदनिकेपासून वेगळी विकता येणार नाही. रेरानंतरच्या राज्याच्या नियमांत मात्र तळघर, स्टिल्ट, पोडियम (इमारतीच्या पायथ्याचे पार्किंगचे मजले) किंवा यांत्रिक व्यवस्थेतील जागेला ‘आच्छादित पार्किंग’ अशी व्याख्या मिळाली आहे आणि तिची किंमत नमुना करारनाम्यात स्वतंत्रपणे लिहिण्याची सोय आहे. आपल्या बिल्डरचे पाच लाख बहुधा या सदराखालचे आहेत.

किंमत स्वतंत्र लिहिण्याची सोय असण्याचा सरळ अर्थ असा की ती वस्तू स्वतंत्र आहे. घर हवे आणि पार्किंग नको, असे लेखी कळवण्याचा आपल्याला अधिकार आहे. ते मान्य झाले नाही तर नकाराचे कारण लेखी मागा. जागा घ्यायचीच ठरली, तर महारेराच्या एप्रिल २०२४ च्या आदेशाप्रमाणे तिचा क्रमांक, लांबी, रुंदी, उंची आणि इमारतीतील नेमके ठिकाण वाटपपत्राच्या व करारनाम्याच्या जोडपत्रात लिहून घ्या. हा आदेश तक्रारींतूनच आला आहे : तुळईमुळे गाडी आत जात नाही, शेजारची गाडी लागली की आपले दार उघडत नाही, अशा जागांचेही लोकांनी पूर्ण पैसे भरले होते.

पश्चात्तापाविषयी विचारलेत म्हणून प्रामाणिकपणे सांगतो. पुढे घर विकताना पार्किंग नसल्याने काही ग्राहक परत जातील, हे आजच्या बाजारात खरे आहे. पण मेट्रोजवळच्या घराला गाडी नसलेले ग्राहकही मिळतात, आणि पाच लाखांवरचे वीस वर्षांचे व्याज हा नुकसानीचा आकडा त्यापुढे लहान नाही. जर्मनीत फ्रायबर्ग शहरातील वाउबान या वस्तीत घर आणि गाडीची जागा मुद्दाम अलग ठेवली आहेत. गाडी असणाऱ्याने वस्तीच्या कडेच्या वाहनतळात जागा विकत घ्यायची, नसणाऱ्याला तो खर्च पडत नाही, आणि घरांसमोरच्या गल्ल्यांत मुले खेळतात. तेथे २००६ मध्ये ट्रामही पोहोचली. आपल्याकडे घराच्या किमतीत पार्किंग मिसळून टाकल्यामुळे गाडी न घेणारा माणूस गाडी घेणाऱ्याचा खर्च आयुष्यभर उचलतो आणि त्याला ते कधी कळतही नाही. आपण नकार दिलात तर त्या इमारतीपुरते तरी हे उघड होईल, म्हणून आपण तो द्यावा असे मला वाटते.

प्रश्न : गाडी ठेवायला जागा असल्याचा दाखला दिल्याशिवाय नव्या गाडीची नोंदणी होणार नाही, असे मे २०२५ मध्ये परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी जाहीर केले होते. नव्या इमारतींत दोन-दोन गाड्यांचे पार्किंग सक्तीचे केले आणि हा नियमही आणला, तर प्रश्न कायमचा मिटणार नाही का? (एक सेवानिवृत्त अभियंता, चिंचवड)

उत्तर : आपल्या सूचनेचे दोन भाग आहेत आणि ते एकमेकांना मदत करत नाहीत. दाखल्याचा भाग मला मान्य आहे. जपानने १९६२ मध्ये असा कायदा केला. घरापासून ठरावीक अंतरात, आज दोन किलोमीटरच्या आत, गाडी ठेवायची जागा आहे असे पोलिसांकडून प्रमाणित करून घ्यावे लागते. तो कायदा टिकला याचे कारण तेथे रात्रभर रस्त्यावर गाडी ठेवणे हाही गुन्हा आहे. आपल्याकडे रस्ता फुकट आणि मोकळा राहिला, तर दाखला काकांच्या बंगल्याचा मिळेल आणि गाडी आपल्या गल्लीत उभी राहील. पुणे महापालिकेच्या मुख्य सभेने २०१८ मध्ये रस्त्यावरील पार्किंगला शुल्क लावण्याचे धोरण बरेच कापून, मोजक्या रस्त्यांपुरते मंजूर केले होते. ते प्रत्यक्षात उतरवताना जी ओढाताण झाली ती आपण शहरवासीयांनी पाहिली आहे. त्यामुळे आधी रस्त्याचे मोल ठरले पाहिजे.

दोन गाड्यांच्या सक्तीला मात्र माझा पूर्ण विरोध आहे. इमारतीत अमुक इतके पार्किंग असलेच पाहिजे, असा किमान नियम आपल्या नियमावलीत सदनिकेच्या चटई क्षेत्रानुसार आधीच आहे. शिवाय हे क्षेत्र चटई निर्देशांकात, म्हणजे भूखंडाच्या प्रमाणात मिळणाऱ्या बांधकामाच्या मर्यादेत, धरले जात नसल्याने बिल्डरला मजल्यावर मजले पार्किंगचे चढवण्यात अडचण येत नाही. परिणाम आपण बाणेर, वाकड, खराडीत पाहतो. रस्त्यालगत तीन-चार मजले जाळीदार भिंतींचे, त्यावर घरे. खाली दुकान नाही, ओटा नाही, खिडकी नाही. संध्याकाळी त्या पदपथावरून एकट्या बाईला चालावेसे वाटत नाही. मग दूध आणायलाही ती स्कूटर काढते. पार्किंगच्या मजल्यांनी वस्ती चालण्यासाठी निरुपयोगी केली आणि त्यामुळे पार्किंगची गरज वाढली, असे हे चक्र आहे. कॅलिफोर्नियातील प्राध्यापक डोनाल्ड शूप यांनी किमान पार्किंगच्या नियमांविरुद्ध अनेक दशके हेच मांडले. २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले तोवर कितीतरी शहरांनी त्यांचे ऐकले होते. लंडनने २००४ च्या सुमारास किमान मर्यादा काढून कमाल मर्यादा घातली, मेक्सिको सिटीने २०१७ मध्ये तसेच केले.

परदेशातले जसेच्या तसे येथे आणावे, असे मी म्हणत नाही. आपल्याकडे अडचण क्रमाची आहे. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे पुणे महापालिकेत आली, पण त्यांतल्या कितीतरी ठिकाणी टोलेजंग इमारती आधी उभ्या राहिल्या, रस्ता नंतर रुंद होणार आणि बस त्याहून नंतर येणार. अशा ठिकाणी राहायला जाणाऱ्याने गाडी घेतली तर त्याला दोष देता येत नाही. त्याला दुसरा पर्यायच दिलेला नाही. मेट्रो स्थानकांपासून ५०० मीटरच्या आत आपण जादा निर्देशांक देतो, म्हणजे तेथे अधिक माणसे राहावीत अशी आपली इच्छा आहे. मग त्याच परिघात पार्किंगचीही कमाल मर्यादा घातली पाहिजे. नाहीतर मेट्रोच्या दारात आपण गाड्यांची कोठारे बांधू आणि स्थानकापर्यंतचा रस्ता त्या गाड्यांच्याच गर्दीत अडकेल. बांधकाम परवानगीच्या अर्जात पार्किंगचा तक्ता जसा भरावा लागतो, तसा जवळचा बसथांबा, तेथून सुटणाऱ्या फेऱ्या आणि तेथवरचा पदपथ यांचाही तक्ता असावा, अशी माझी मागणी आहे. माझ्या नोकरीच्या काळात मी तसा एकही तक्ता तपासला नाही, कारण तो कोणी मागितलाच नव्हता.

प्रश्न : आमच्या बावीस मजली इमारतीच्या बाजूच्या मोकळ्या जागेत समितीने रंगाने पट्टे मारून पंधरा गाड्यांना जागा दिली आहे. माझे वडील अंथरुणाला खिळलेले आहेत. गेल्या महिन्यात रुग्णवाहिका आत येऊ शकली नाही, त्यांना चाकाच्या खुर्चीवरून फाटकापर्यंत न्यावे लागले. समिती म्हणते, सर्वांच्या सोयीसाठी हे केले आहे.

उत्तर : आपले पत्र वाचून फार वाईट वाटले. उंच इमारतीभोवतीची बाजूची जागा अग्निशमन बंबाला फिरता यावे म्हणून सोडलेली असते. तिची सहा मीटर रुंदी मंजूर नकाशात आखलेली असते आणि अग्निशमन विभागाचा ना हरकत दाखला त्या आधारावरच मिळालेला असतो. त्या दाखल्याची प्रत समितीकडे मागा. मिळाली नाही, तर महापालिकेच्या अग्निशमन विभागाला छायाचित्रांसह लेखी तक्रार करा आणि तिची एक प्रत उपनिबंधक, सहकारी संस्था यांना पाठवा. तक्रारीत शेजाऱ्यांची नावे घालण्याची गरज नाही, पट्ट्यांची मापे आणि जागा पुरेशी आहे.

ज्यांना गाडीशिवाय चालतच नाही अशी माणसे प्रत्येक इमारतीत असतात : आपले वडील, डायलिसिसला जाणारे रुग्ण, अपंग व्यक्ती. दुसऱ्या आणि तिसऱ्या गाड्यांना जागा देताना सर्वांत आधी अडते ती यांचीच वाट. लिफ्टच्या सर्वांत जवळच्या दोन जागा कोणाच्याही नावावर न ठेवता रुग्णांच्या चढ-उतारासाठी राखाव्यात, असा ठराव आपण सभेत मांडा. तोपर्यंत रुग्णवाहिकेला दूरध्वनी करण्याआधी रखवालदाराला कळवावे आणि बाजूच्या रांगेतील गाडीमालकांचे क्रमांक त्याच्या चौकीत लिहून ठेवायला समितीला आजच सांगावे.